सीडी रायटर: घरातल्या डब्यात आलेला लेझर

आजचा विषय ऐकून तुमच्यातले निम्मे म्हणतील, हे काय असतं बुवा? आणि उरलेले म्हणतील, अरे, आमच्या जुन्या कॉम्प्युटरला होता की! सीडी रायटर.

आधी काळ लक्षात घ्या. २००२ साल. घरच्या कॉम्प्युटरमध्ये २० जीबीची हार्ड डिस्क असली तरी माणूस खूश. एखादी गोष्ट दुसऱ्याला द्यायची तर फ्लॉपी, आणि फ्लॉपीत मावणार १.४४ एमबी. तुमच्या फोनने काढलेला एक साधा फोटोही त्यात बसायचा नाही. अशा वेळी ७०० एमबीची कोरी सीडी म्हणजे जवळपास ४८६ फ्लॉप्या एका चकतीत! पेनड्राइव्ह नुकते निघाले होते, पण लहान आणि महाग.

सीडी स्वतः १९८२ ची. सोनी आणि फिलिप्स या दोघांचं अपत्य. पण ती कारखान्यात साच्यातून दाबून निघायची, आपण फक्त वाचायची. घरी लिहिता येईल अशी सीडी आणली जपानच्या तायो युदेन कंपनीने, आणि १९९० मध्ये तिचे नियम ‘ऑरेंज बुक’ नावाच्या दस्तऐवजात ठरले. युक्ती भारी होती. खड्ड्यांऐवजी चकतीत रंगाचा एक पातळ थर द्यायचा. लेझर तापला की रंगावर डाग पडतो, आणि वाचणाऱ्या यंत्राला तो डाग खड्ड्यासारखाच दिसतो. म्हणजे साध्या सीडी प्लेअरला फसवायचं, बस्स. कोऱ्या सीडीची खालची बाजू कधी हिरवट, कधी निळसर, कधी सोनेरी का दिसायची, तर या रंगामुळे.

सुरुवातीला हे यंत्र स्टुडिओ आणि मोठ्या कंपन्यांनाच परवडायचं. १९९५ मध्ये एचपीने हजार डॉलरच्या आतला रायटर काढला तेव्हा ती स्वस्ताई वाटली होती. तेव्हाचे बरेच रायटर स्कझी जातीचे, त्यांना वेगळं कार्ड लागायचं. पुढे साध्या आयडीई केबलवर चालणारे आले, आणि मग ते आमच्यासारख्यांच्या डोंबिवलीतल्या घरात पोचले.

शेजारचे काका मला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले होते. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि चालत सुटायचं. काकांना सिनेमे कॉपी करायचे नव्हते. त्यांच्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांच्या अकरा कॅसेट होत्या. आई गेली होती. टेप प्रत्येक वेळी लावली की थोडी झिजते, हे त्यांना टोचत होतं. हिशेब सोपा होता: सीडीच्या दर्जाचा आवाज एका मिनिटाला साधारण १० एमबी घेतो. तासाभराची कॅसेट म्हणजे ६०० एमबी. एक कॅसेट, एक सीडी.

दुकानदार म्हणाला, “काका, बावन्न घ्या, सगळे तेच घेतात.” डब्यावर आकडे असायचे ५२, ३२, ५२. पहिला कोऱ्या सीडीवर लिहायचा वेग, दुसरा पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू चकतीवरचा, तिसरा वाचायचा. एक पट म्हणजे सेकंदाला १५० केबी. त्या वेगाने पूर्ण सीडीला तासाच्या वर लागतं. ५२ पट म्हणजे काही मिनिटं. पण हा ५२ फक्त चकतीच्या बाहेरच्या कडेजवळ गाठला जातो. लिहिणं आतून सुरू होतं, तिथे वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे ५२ की ४८ यावर डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. विचारण्यासारखा प्रश्न एकच होता, “बफर अंडररनची सोय आहे का?”

हे नीट सांगतो, कारण सगळी मजा इथेच आहे. लेझर एकदा लिहायला लागला की त्याला माहितीची अखंड धार लागते. रायटरच्या पोटात छोटी मेमरी असते, कॉम्प्युटर ती भरत राहतो. मध्येच अँटिव्हायरस जागा झाला किंवा कुणी गेम उघडला आणि धार तुटली, की संपलं. सीडी वाया, चहाच्या कपाखाली ठेवायला मोकळी. म्हणून घरात हुकूम सुटायचा: सीडी मारतोय, कुणी माउसला हात लावू नका! २००० मध्ये सान्योने यावर बर्न-प्रूफ नावाची सोय आणली. धार तुटली की लेझर थांबतो, जागा लक्षात ठेवतो आणि तिथूनच पुढे चालू करतो. मला विचाराल तर सीडी रायटरच्या इतिहासातला सर्वात मोठा शोध हाच. वेगाचे आकडे जाहिरातीसाठी.

आता बसवणं. स्विच बंद, वायर काढली, कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा उघडला, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून उघड्या धातूला हात लावला. पुढची प्लास्टिकची पट्टी काढून रायटर पुढूनच आत सरकवला, दोन्ही बाजूंनी स्क्रू. मागे चार पिनांची वीज, आणि ४० छिद्रांची चपटी केबल. तिच्या एका कडेला लाल रेघ असते, ती पहिल्या पिनेकडे, बहुतेक वेळा विजेच्या बाजूला.

आणि जंपर! तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा प्लास्टिकचा तुकडा. एका केबलवर दोन यंत्रं, तर मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण हे त्यावर ठरायचं. दोघंही मास्टर राहिले तर कॉम्प्युटरला एकही नीट दिसायचा नाही. एका केबलवर एका वेळी एकच यंत्र बोलतं. म्हणून मी हार्ड डिस्क एका केबलवर ठेवली आणि रायटर दुसरीवर, म्हणजे धार तुटायची भीती कमी. हातातून जंपर सुटून मदरबोर्डखाली गेला, की अर्धा तास टॉर्च घेऊन शोधाशोध.

सॉफ्टवेअर बहुतेकांचं नीरो. जर्मन कंपनीचं. नाव ‘नीरो बर्निंग रॉम’, म्हणजे रोम जळतंय आणि सीडी-रॉमही जळतेय. चित्र जळत्या कलोसियमचं. आता गंमत बघा, रोमची ती आग इसवी सन ६४ ची, नीरो ६८ मध्ये मेला, आणि कलोसियमचं बांधकाम त्याच्यानंतर सुरू झालं. पण चित्र दिसायला झकास होतं.

काकांनी टेपरेकॉर्डर साउंड कार्डाला जोडून अकरा रविवार घालवले. कॅसेट खऱ्या वेळेतच ऐकावी लागते, पुढे ढकलता येत नाही. प्रत्येक सीडीच्या तीन प्रती काढल्या. लिहिताना वेग मुद्दाम १६ ठेवला.

आता यात कळीची गोष्ट आहे. टेप झिजते म्हणून ओव्या सीडीवर नेल्या, पण सीडीवरचा रंगही कायमचा नाही. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो फिका पडतो, आणि कोकणातला पावसाळा तुम्हाला माहीत आहे. शिवाय आपण खालची चकचकीत बाजू जपतो, पण माहिती असते वरच्या लेबलच्या अगदी खाली, लाखेच्या एका पातळ थराआड. वर बॉलपेनने दाबून लिहिलं, चिकट कागद लावून ओढला, की थेट माहितीच उखडते. खालच्या बाजूचा ओरखडा बऱ्याचदा पॉलिश करून निभावतो, वरचा नाही.

तुमच्या घरात मार्करने ‘बारसं’, ‘आजोबांची पंच्याहत्तरी’, ‘गोवा ट्रिप’ लिहिलेल्या सीडी असतील. लॅपटॉपला आता जागा नाही, पण यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो. एखादी चकती वाचली गेली नाही, तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एकाला न दिसणारी चकती दुसऱ्याला कधी कधी दिसते. पुसायची झाली तर मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल नाही, कारण चकतीवरची माहिती गोलाकारच लिहिलेली असते, आणि त्या दिशेचा लांब ओरखडा ड्राइव्हला सर्वात जड जातो. मिळालेलं सगळं दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा, आणि त्यातलं एक ठिकाण तुमचा फोन नसू दे.