मात्रा चुकू नये म्हणून

'अत्तार' हे आडनाव तुमच्या ओळखीचं असेल. आज त्या नावासरशी सुगंधी कुपी आठवते. पण अत्तार म्हणजे सुगंधी द्रव्यांबरोबर जडीबुटी आणि औषधं विकणाराही. निशापूरचे थोर सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार यांचा हाच व्यवसाय होता, असं परंपरा सांगते. मी कविता लिहितो, त्यामुळे हे नातं मला जवळचं वाटतं. कविता असो की औषध, मात्रा चुकून चालत नाही!

लहानपणी ताप आला की अम्मी आम्हाला कोपऱ्यावरच्या औषधवाल्या चाचांकडे न्यायची. डॉक्टरांची फी परवडत नसे. चाचा जीभ बघत, कपाळाला हात लावत आणि पुडी बांधून देत. त्यांना हा अधिकार कुणी दिला, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही.

लंडनमध्ये तो तीनशे वर्षांपूर्वी पडला होता. 1665च्या प्लेगमध्ये तिथले अनेक वैद्य शहर सोडून गेले. बरेच औषधविक्रेते मात्र मागे राहिले. गरिबांना त्यांचाच आधार होता. पुढे विल्यम रोझ या औषधविक्रेत्यानं जॉन सील नावाच्या खाटकाला औषधं दिली, म्हणून वैद्यांच्या संस्थेनं त्याच्यावर खटला भरला. खालच्या न्यायालयात रोझ हरला. पण 1704 साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं तो निकाल फिरवला. औषधविक्रेत्यांना उपचार करता येऊ लागले. पैसे मात्र औषधाचेच घ्यायचे, सल्ल्याचे नाहीत! म्हणजे बाटल्या जितक्या जास्त, तितकी कमाई जास्त.

1815च्या कायद्यानं त्यांना शिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. हळूहळू हेच लोक घरोघरचे डॉक्टर झाले आणि दुकानं दुसऱ्यांच्या हाती गेली. 1841 साली या नव्या दुकानदारांनी फार्मास्युटिकल सोसायटी स्थापन केली. चिठ्ठी लिहिणारा एक आणि ती वाचून औषध देणारा दुसरा, अशी विभागणी पक्की होत गेली. त्यात शहाणपण होतं. विकणाराच रोग ठरवू लागला, तर लोभ आड येऊ शकतो.

पण काळ बदलला. डॉक्टरांसमोरच्या रांगा वाढल्या आणि औषधशास्त्र शिकलेला माणूस काउंटरमागे नुसत्या गोळ्या मोजत राहिला. 1999 साली डॉ. जून क्राउन यांच्या समितीनं चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार डॉक्टरांपलीकडे न्यावा, अशी शिफारस केली. 2003 साली ब्रिटनमधल्या फार्मासिस्टना डॉक्टरांनी आखलेल्या योजनेत राहून औषध लिहिण्याची मुभा मिळाली. 2006 साली स्वतंत्रपणे. त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम आला: किमान 26 दिवसांचं शिक्षण आणि 90 तास प्रत्यक्ष रुग्णांमध्ये, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. रुग्णाला तपासायचं कसं, कुठलं औषध लिहायचं नाही, आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रोगी डॉक्टरांकडे कधी पाठवायचा, हे तिथं शिकवतात. 2021 साली तर मूळ शिक्षणाचेच निकष बदलले. 2026पासून नव्यानं नोंदणी होणाऱ्या फार्मासिस्टला पहिल्या दिवसापासून हा अधिकार असावा, अशी ती आखणी.

हे वाचताना मला चाचा आठवले. एकदा त्यांच्या गोळीनं माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगभर पुरळ उठलं, डोळे सुजले. अम्मी रात्रभर तिच्या उशाशी बसून होती. पोर वाचली. 'आधी कुठल्या गोळीचा त्रास झाला होता का?' एवढा एक प्रश्न चाचांनी विचारला नव्हता. माणूस भला होता. पण हा प्रश्न विचारायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

आपल्या कायद्यात चिठ्ठी डॉक्टरांचीच लागते. तरी आजही कितीतरी घरांतलं पहिलं पाऊल औषधाच्या दुकानाकडेच वळतं. ते पाऊल आपण अडवू शकत नाही. निदान काउंटरमागच्या माणसाला तो एक प्रश्न विचारायला शिकवू शकतो.