‘नाही’ आणि ‘अजून आलं नाही’ : वेबवरच्या यादीचा एक छोटा इतिहास

आज आपण एका अगदी साध्या वाटणाऱ्या गोष्टीचा इतिहास बघणार आहोत. पडद्यावर एक यादी दिसते. पत्रांची असेल, गाड्यांची असेल, अर्जांची असेल. आजकाल बहुतेक ठिकाणी ही यादी पानाबरोबर येत नाही. आधी पान उघडतं, मग ते सर्व्हरकडे मागणी पाठवतं, उत्तर येतं आणि मग ओळी मांडल्या जातात. मागणी आणि उत्तर यांच्या मधल्या काळात पडद्याने काय म्हणायचं? आपला प्रश्न एवढाच.

सुरुवातीला हा प्रश्न फारसा नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला. त्या काळचं पान छापील कागदासारखं, यादीसकट तयार होऊन यायचं. एक ओळ वाढली तरी सगळं पान पुन्हा मागवावं लागे. गैरसोय होती खरी, पण पान आणि यादी यांची ताटातूट नव्हती.

ती झाली १९९९ च्या सुमारास. ब्राउझरमधून टपाल वाचण्याची सोय मायक्रोसॉफ्टमध्ये तयार होत होती. पान न बदलता नवी पत्रं आणता यावीत म्हणून तिथल्या मंडळींनी एक घटक केला आणि तो इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये आला. पुढे मोझिलाने आणि इतरांनीही तशी सोय दिली. २००४ मध्ये जीमेल आलं, २००५ मध्ये गुगल मॅप्स. त्याच वर्षी फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी एका निबंधात या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. त्यातला पहिला शब्द ‘असिंक्रोनस’. म्हणजे काय, तर विचारायचं, पण उत्तरासाठी खोळंबून राहायचं नाही.

आणि इथेच आम्हा तत्त्वज्ञानाच्या माणसांचे कान टवकारतात. पान आलंय, यादी नाहीये. पण हे ‘नाही’ कुठलं? आपल्याकडच्या न्याय-वैशेषिकांनी अभावाचे प्रकार पाडले. मडकं घडण्याआधी मातीत त्याचा जो अभाव असतो, तो प्रागभाव. मडकं घडलं की तो संपतो. वाऱ्यात रंगाचा अभाव आहे, तो मात्र कधीच संपणारा नाही; तो अत्यंताभाव. ही चौकट वेबवर शब्दशः बसवायची नाही, दृष्टांत म्हणून घ्यायची. पण ‘अजून नाही’ आणि ‘नाहीच’ ही दोन वेगळी ज्ञानं आहेत, हे त्यातून पक्कं लक्षात राहतं.

संगणकवाल्यांनाही हा भेद नोंदवायला भाषा लागली. डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी १९७६ मध्ये ‘प्रॉमिस’ हा शब्द वापरला होता. म्हणजे वचन, पुढे मिळायच्या मूल्याचं. २०१५ मध्ये ते जावास्क्रिप्टच्या प्रमाणित भाषेत आलं. त्याच्या तीन अवस्था : प्रलंबित, पूर्ण झालेलं, मोडलेलं. गंमत बघा, ‘फेच’ या आजच्या आज्ञेत सर्व्हरने ‘असं काही सापडलं नाही’ असं कळवलं, तरी वचन पूर्ण झालं असंच धरलं जातं. उत्तर आलं ना, मग झालं! ते नकाराचं होतं का, हे लिहिणाऱ्याने वेगळं तपासायचं.

२०१३ मध्ये फेसबुकने ‘रिअॅक्ट’ खुलं केलं. त्यातली मुख्य कल्पना अशी : अवस्था सांगा, तिच्याप्रमाणे पडदा मांडला जाईल. फार छान. पण मग अवस्था खरी सांगायला हवी. अनेकदा घटक लिहिताना सुरुवातीची अवस्था म्हणून रिकामी यादी ठेवली जाते. घटक बिचारा प्रामाणिकपणे म्हणतो, ‘एकही नोंद नाही.’ खरं तर उत्तर अजून वाटेत असतं!

याने काय बिघडतं? समजा, गावातली एक विद्यार्थिनी कमकुवत नेटवर्कवर शिष्यवृत्तीच्या अर्जांची यादी उघडते. पडदा म्हणतो, ‘अर्ज आढळला नाही.’ ती पान बंद करते आणि अर्ज पुन्हा भरायच्या मागे लागते. आणखी पाच सेकंदांनी यादी आली असती. तिला कुणी मुद्दाम फसवलं नाही, तरी पडदा खोटं बोलला.

म्हणून चार गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : उत्तर यायचंय, आलं आणि नोंदी आहेत, आलं पण रिकामं आहे, मागणीच फसली. यात आणखी एक मेख आहे. शोधाच्या चौकटीत आपण आधी ‘पु’ लिहितो, मग ‘पुणे’. दोन मागण्या गेल्या. पहिलीचं उत्तर मागाहून आलं, तर ‘पुणे’ या शब्दाखाली ‘पु’ची यादी दिसते. तेव्हा जुनी मागणी रद्द करायची किंवा तिच्या उत्तराकडे दुर्लक्ष करायचं.

आपल्यात जे तरुण असे घटक लिहितात, त्यांना एकच विनंती. ब्राउझरच्या विकसक साधनांत नेटवर्क मुद्दाम मंद करता येतं. ते करा, आपलंच पान उघडा आणि यादी येईपर्यंत पडदा काय म्हणतो ते वाचा. ते वाक्य त्या क्षणी खरं आहे का, एवढं बघा.