मधुमेह-परिचर्या : ऐतिहासिक आढावा

मधुमेही व्यक्तीचा आहार, इन्शुलिनाचे अंतःक्षेपण (टोचणे), मूत्र व रक्त यांची तपासणी, त्वचेची व पायांची निगा आणि आकस्मिक उपद्रवांवरील देखरेख यांसंबंधी परिचारिकेने स्वतः करावयाच्या आणि रुग्णास शिकवावयाच्या कामांना मधुमेह-परिचर्या म्हणतात. अग्निपिंडातील विशिष्ट कोशिकासमूहांत तयार होणाऱ्या इन्शुलीन या हॉर्मोनाच्या अभावामुळे किंवा त्याची क्रिया अपुरी पडल्यामुळे रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण वाढणे, हे या विकाराचे मुख्य लक्षण होय. विकार बहुधा आयुष्यभर सोबत करतो. इतर पुष्कळ रोगांत रुग्ण घरी गेला म्हणजे परिचर्या संपते. मधुमेहात तिचा मोठा भाग रुग्ण घरी गेल्यावर सुरू होतो. या एका भेदामुळे विसाव्या शतकात परिचारिकेच्या कामाचे स्वरूप पालटले आणि शुश्रूषा करणारी परिचारिका रुग्णाची शिक्षिकाही झाली.

प्राचीन काळ : आयुर्वेदात प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांपैकी एक आहे. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या आकृष्ट होतात, हे निरीक्षणही प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत सहज (जन्मजात) आणि अपथ्यनिमित्तज (अयोग्य आहारविहारामुळे होणारा) असे दोन भेद केले असून कृश रुग्णास पोषक आहार द्यावा व स्थूल रुग्णाचे लंघनादी उपायांनी कर्शन करावे, असा विवेक आढळतो. निर्धन रुग्णास दीर्घ पायी प्रवास, विहीर खणणे यांसारखे श्रम सांगितले आहेत. चरकसंहितेनुसार वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद होत. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे परिचारकाचे गुण मानले असून स्मृती, सांगितल्याप्रमाणे वागणे, निर्भयता आणि आपल्या व्याधीविषयी नीट माहिती देणे हे रोग्याचे गुण सांगितले आहेत. रोग्याला चिकित्सेचा केवळ विषय न मानता तिचा एक आधार मानणारी ही दृष्टी मधुमेहाच्या आधुनिक परिचर्येशी विशेष जुळणारी आहे.

इन्शुलीनपूर्व काळ : मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्यांनी १७७६ मध्ये मधुमेह्याच्या मूत्रात शर्करा असल्याचे प्रयोगाने दाखविले. जॉन रोलो यांनी १७९७ मध्ये मुख्यतः मांसाहारावर आधारलेली पथ्ययोजना प्रसिद्ध केली. फ्रेंच वैद्य आपॉलिनेर बूशार्दा (१८०६–८६) यांना १८७०–७१ मधील पॅरिसच्या वेढ्यात अन्नटंचाईमुळे रुग्णांच्या मूत्रातील शर्करा कमी झाल्याचे दिसून आले. मूत्राची तपासणी रुग्णाने स्वतः करावी, असा त्यांचा आग्रह होता. १८८९ मध्ये योझेफ फोन मेरिंग आणि ऑस्कार मिंकोव्हस्की यांनी अग्निपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यास मधुमेह होतो, हे दाखविले व विकाराचे मूळ स्थान निश्चित झाले. परंतु उपचार मात्र आहारनियंत्रणापुरताच राहिला.

अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन (१८७९–१९६४) यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उपासमारीची चिकित्सा रूढ केली. मूत्रातील शर्करा नाहीशी होईपर्यंत लंघन आणि नंतर अत्यल्प आहार, असे तिचे स्वरूप होते. प्रत्येक घास तोलला जाई आणि भाज्यांतील कार्बोहायड्रेट निघून जावे म्हणून त्या तीन तीन वेळा उकळून पाणी टाकून देण्यात येई. परिचारिकेला या काळात पहारेकऱ्याचे काम करावे लागे. भुकेने व्याकुळ झालेल्या एका बारा वर्षांच्या अंध मुलाने दात घासण्याची पेस्ट आणि पिंजऱ्यातील पक्ष्याचे दाणे खाल्ल्याची नोंद आहे. या उपचाराने काहींचे आयुष्य महिन्यांनी किंवा थोड्या वर्षांनी वाढले. पण ते अस्थिपंजर अवस्थेतील आयुष्य होते. ज्या थोड्यांनी तग धरला, त्यांना मात्र इन्शुलीन मिळेपर्यंतचा अवधी या कठोर पथ्यानेच मिळवून दिला.

इन्शुलिनाचा शोध व परिचर्येतील बदल : १९२१ मध्ये टोराँटो विद्यापीठात जे. जे. आर. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या अग्निपिंडाचा प्रभावी अर्क मिळविला. ११ जानेवारी १९२२ रोजी टोराँटो जनरल हॉस्पिटलमध्ये लेनर्ड टॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास तो प्रथम टोचण्यात आला. पहिला अर्क अशुद्ध असल्याने त्याचा फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून देण्यास प्रारंभ केल्यावर त्याच्या रक्तातील व मूत्रातील शर्करा झपाट्याने उतरली. बँटिंग व मॅक्लाउड यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ऑगस्ट १९२२ मध्ये एलिझाबेथ ह्यूझ ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची कन्या बँटिंग यांच्याकडे आली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होत होती व तिचे वजन सुमारे २० किग्रॅ. होते. तीन वर्षांहून अधिक काळ ॲलन यांच्या पथ्यावर ती तगली होती, ती सतत सोबत असलेल्या ब्लांच बर्जेस या परिचारिकेच्या काटेकोर देखरेखीमुळे. टोराँटोत एलिझाबेथ स्वतःचे अंतःक्षेपण स्वतः घेऊ लागली आणि काही महिन्यांत धडधाकट होऊन घरी परतली. ती १९८१ पर्यंत जगली. तिच्या उदाहरणात पुढील इतिहासाचे सूत्र दिसते. परिचारिकेच्या हातची सुई रुग्णाच्या हाती आली आणि ती सुरक्षितपणे कशी द्यावी, हा परिचर्येपुढील मुख्य प्रश्न झाला.

प्रश्न साधा नव्हता. इन्शुलीन कमी पडले तर रक्तात कीटोन द्रव्ये साचून अम्लरक्तता व बेशुद्धी येते. जास्त झाले किंवा त्यानंतर जेवण चुकले, तर रक्तातील ग्लुकोज घसरून घाम, कंप, बुद्धिभ्रम व अखेर बेशुद्धीच येते. पहिल्या स्थितीत श्वासोच्छ्वास खोल व जलद होतो, त्वचा कोरडी पडते आणि श्वासास पिकलेल्या फळासारखा वास येतो; दुसरीत त्वचा ओलसर व थंड असते आणि वेळीच दिलेली साखर काही मिनिटांत गुण देते. हा भेद ओळखणे व बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही न घालणे, हे परिचारिकेच्या शिक्षणातील आवश्यक पाठ ठरले.

शिक्षिकेची भूमिका : हा बदल प्रथम ओळखणाऱ्यांत बॉस्टन येथील एलियट जॉस्लिन (१८६९–१९६२) हे प्रमुख होत. १९१८ मध्येच त्यांनी वैद्य व रुग्ण या दोघांसाठी मधुमेहविषयक मार्गदर्शिका लिहिली होती. इन्शुलीन उपलब्ध झाल्यावर त्यांनी परिचारिकांना खास शिक्षण देऊन रुग्णांच्या घरी पाठविण्याची प्रथा पाडली. या ‘फिरत्या परिचारिका’ घरच्या स्वयंपाकघरात आहार कसा मोजावा, मूत्र कसे तपासावे व सुई कशी उकळावी, हे तेथेच राहून शिकवीत. मॅसॅचूसेट्स राज्यात १९३२ मध्ये मधुमेही मुलींसाठी क्लेरा बार्टन शिबिर सुरू झाले. इंग्लंडमध्ये स्वतः मधुमेही असलेले वैद्य आर. डी. लॉरेन्स (१८९२–१९६८) यांनी लेखक एच्. जी. वेल्स यांच्या सहकार्याने १९३४ मध्ये मधुमेह्यांची संघटना स्थापन केली. लेस्टर येथे जोन वॉकर यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी रुग्णालय व घर यांना जोडणाऱ्या आरोग्य-परिचारिकांची योजना राबविली. मधुमेहतज्ञ परिचारिका या ब्रिटिश पदाचा उगम तीत मानला जातो. अमेरिकेत मधुमेह-शिक्षकांची संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली.

साधने व चुका : पूर्वी मूत्र तपासण्यासाठी बेनेडिक्ट विद्राव वापरीत. पाच मिलि. विद्रावात मूत्राचे आठ थेंब घालून उकळल्यावर निळा रंग कायम राहिला, तर शर्करा नाही असे समजत; हिरवा, पिवळा, नारिंगी व विटकरी रंग शर्करेचे चढते प्रमाण दाखवीत. ही तपासणी कित्येक तासांपूर्वीची स्थिती दाखविते व रक्तातील ग्लुकोज धोक्याइतके उतरल्याचे सांगू शकत नाही, हा तिचा मोठा दोष होता.

इन्शुलिनाच्या निरनिराळ्या तीव्रतांमुळेही गंभीर चुका होत. ब्रिटनमध्ये एक मिलि. ला २०, ४० व ८० एकके अशा कुप्या प्रचारात होत्या, परंतु पिचकारीवर मात्र वीसच खुणा असत. त्यामुळे एका खुणेचा अर्थ कुपीनुसार एक, दोन किंवा चार एकके असा बदले. दृष्टी मंदावलेल्या वृद्धाने नवी कुपी जुन्या हिशोबाने वापरली, तर चौपट मात्राही जाऊ शके. ब्रिटनमध्ये १९८३ मध्ये १०० एककांची एकच तीव्रता स्वीकारण्यात आली. भारतात ४० एककांच्या कुप्या त्यानंतरही प्रचारात राहिल्या आणि त्यांच्या जोडीला १०० एककांची लेखणीवजा साधने आली. त्यामुळे कुपी व पिचकारी यांचा मेळ तपासणे हे येथील परिचारिकेचे महत्त्वाचे कर्तव्य आहे.

पायांची निगा : तंत्रिका (मज्जा) निकामी होऊन वेदना नाहीशी झाली, म्हणजे रुग्णास चटका, काटा वा चपलेचा दाब कळत नाही व साध्या जखमेचा कोथ होऊन पाय कापावा लागतो. या प्रश्नास भारतातून महत्त्वाची मदत झाली. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड (१९१४–२००३) यांनी वेदनाहीन पायांवरील व्रण मुख्यतः दाब व दुर्लक्षित इजा यांमुळे होतात, असे दाखवून दिले. १९६६ मध्ये ते अमेरिकेतील कार्व्हिल येथे गेले आणि पायास घट्ट बसणारा प्लास्टरचा साचा व मऊ पादत्राणे ही कुष्ठरोगातील साधने मधुमेह्यांसाठी वापरात आली. रोज रात्री तळपाय पाहणे, पाण्याची उष्णता पायाने न अजमावणे, अनवाणी न चालणे व कुरुपे पात्याने न कापणे, हे नियम आज परिचर्येचा अविभाज्य भाग आहेत.

इतर हॉर्मोन-विकार : अशीच आजन्म परिचर्या इतर काही अंतःस्रावी विकारांतही लागते. जॉर्ज मरी यांनी १८९१ मध्ये अवटू ग्रंथीचे कार्य मंदावलेल्या एका स्त्रीस मेंढीच्या त्या ग्रंथीचा अर्क टोचला; या उपचारावर ती २८ वर्षे जगली. अवटू ग्रंथीवरील शस्त्रक्रियेनंतर रक्तस्रावाने श्वासनलिका दबणे आणि रक्तातील कॅल्शियम घटून हातापायांत पेटके येणे, यांवर परिचारिकेस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. अधिवृक्क ग्रंथींच्या न्यूनतेत कॉर्टिसोनवर्गीय औषध ताप वा इजा झाली असता बंद न करता वाढवावे लागते. मधुमेहातही आजारपणात जेवण जात नाही म्हणून इन्शुलीन परस्पर बंद करणे प्राणघातक ठरू शकते. आजारात औषधाची गरज वाढते, ही गोष्ट सामान्य समजुतीच्या विरुद्ध असल्याने ती पुनःपुन्हा शिकवावी लागते.

रक्ततपासणी रुग्णाच्या हाती : १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बोटातील थेंबभर रक्तावरून घरीच ग्लुकोज मोजता येऊ लागले. १९८३–९३ या काळात अमेरिका व कॅनडातील १,४४१ इन्शुलीनावलंबी रुग्णांवर केलेल्या चाचणीत काटेकोर नियंत्रणामुळे जालपटलाची विकृती उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. त्याच वेळी ग्लुकोज गंभीर प्रमाणात उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. हे यश केवळ औषधाचे नव्हते. वारंवार भेटी, दूरध्वनीवरील सल्ला व मात्रेतील फेरबदल यांचा मोठा भार परिचारिकांनी उचलला होता.

भारतातील स्थिती : मुंबईत १९५५ मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली व रुग्णशिक्षणास चालना मिळाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार २०२१ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही होते. एवढ्यांचे शिक्षण केवळ डॉक्टरांकडून होणे अशक्य आहे. शिवाय परदेशी तक्ते येथे जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत. आहार ग्रॅममध्ये सांगण्यापेक्षा भाकरी, वाटी व पळी यांत सांगावा लागतो. उपवासाच्या दिवशी नेहमीची मात्रा घेऊन उपाशी राहणे आणि साबुदाणा व बटाटा ‘चालतो’ म्हणून भरपूर खाणे, या दोन्ही गोष्टींतील धोका समजावून द्यावा लागतो. शीतकपाट नसलेल्या घरात ओल्या मातीच्या मडक्यात इन्शुलीन ठेवण्याचा उपाय सांगावा लागतो. घरातील स्त्रीच मधुमेही असेल, तर सर्वांचे जेवण झाल्यावर तिने जेवण्याची रीत इन्शुलिनाच्या वेळेशी विसंगत ठरते. अशा वेळी शिक्षण एकट्या रुग्णास देऊन भागत नाही, ते कुटुंबास द्यावे लागते.

इन्शुलिनाने मधुमेह बरा केला नाही; मृत्यूच्या जागी त्याने एक आयुष्यभराचे काम ठेवले. वर्षातील फारच थोडे तास रुग्ण वैद्याच्या सहवासात असतो. उरलेल्या काळात चरकोक्त चार पादांपैकी परिचारक व रोगी हे दोन पाद त्याच्या एकट्याच्या ठायी एकवटतात. हे दुहेरी काम त्याला किती नीट शिकविले गेले, यावर त्याची दृष्टी, त्याचे पाय व पुष्कळदा त्याचे प्राण अवलंबून असतात.