द्रौपदीची हाक आणि परदेशी संपादक

छत्तीसगढच्या पंडवानीत द्रौपदी हाक मारते आणि श्रीकृष्ण वस्त्रे पुरवितो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र ही प्रार्थना मूळ संहितेबाहेर, टीपांत आहे. सभापर्वाचे संपादक होते अमेरिकन पंडित फ्रँकलिन एजर्टन. पण निकष त्यांचे नव्हते, ते डॉ. वि. सी. सुकथनकरांनी १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत मांडले होते. वगळलेले पाठही एजर्टन यांनी वाचकांपुढे ठेवले. परकीयाचा अधिकार जन्माने हिरावत नाही, तसा पदवीनेही लाभत नाही. पुरावा उघडा ठेवण्यानेच तो सिद्ध होतो. संहिता ठरविण्यापुरता तो पुरेसा आहे. ती हाक श्रोत्यांना का हवी, याचे भाष्य मात्र पंडवानीच करते.