नाबादांचा हिशेब

पैनगंगेच्या दक्षिणेला आदिलाबादेत मराठी घरांतही गावसकर-तेंडुलकरांइतकाच हक्क अझर आणि लक्ष्मणवर सांगितला जातो. दोघे हैदराबादचे, आणि शेवटी हैदराबाद आपलेच. मग दोघांत मोठा कोण? वादात पहिले हत्यार निघते सरासरीचे. कसोटीत अझर ४५.०३, लक्ष्मण ४५.९७. लक्ष्मण पुढे, विषय संपला!

पण ही सरासरी आज दिसते तशी जन्मली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात तिला दशांश चिन्हही नव्हते. धावांना डावांनी भागायचे आणि उत्तराशेजारी बाकी लिहायची. दहा डावांत १२३ धावा म्हणजे ‘बारा, वर तीन’. नाबाद राहिलेला डावही त्यात पुरा मोजला जाई. पुढे फक्त बाद झालेल्या डावांनी भागायची रीत आली. जो डाव गोलंदाजाने संपवलाच नाही, तो फलंदाजाच्या अंगावर का टाकायचा? तर्क बिनतोड, शिवाय फलंदाजाच्या सोयीचा.

आता हीच जोडी जुन्या रीतीने मांडू. अझरचे १४७ डाव, ६,२१५ धावा. लक्ष्मणचे २२५ डाव, ८,७८१ धावा. सरासरी अझर ४२.२८, लक्ष्मण ३९.०३. क्रम उलटला! अझर ९ वेळा नाबाद होता, लक्ष्मण ३४ वेळा. सगळी गंमत तिथे आहे.

ते ३४ फुकटचे मात्र नव्हेत. लक्ष्मण बराच काळ पाचव्या-सहाव्या क्रमांकावर आला, शेपटाला सांभाळत खेळला. ऑक्टोबर २०१०, मोहाली. पाठ धरलेली, धावायला रैना, समोर ऑस्ट्रेलिया, २१६ हव्यात आणि ८ बाद १२४. ईशांतला हाताशी धरून त्याने सामना ओढून आणला, ७३ वर नाबाद राहिला, भारत एक गडी राखून जिंकला. एरवी शांत असणारा हा माणूस शेवटचा जोडीदार ओझावर ओरडला तो याच डावात. अशा डावाबद्दल शिक्षा करणारी रीत मला तरी पटत नाही.

ब्रॅडमनचे ९९.९४ जुन्या रीतीने ८७.४५ होतात. विजय मर्चंट यांचा आकडा मात्र हलतच नाही: १८ डाव, ८५९ धावा, एकदाही नाबाद नाही, कसेही भागा, ४७.७२. त्यांची अडचण वेगळी. १९३६ च्या ऑगस्टनंतर भारत थेट १९४६ च्या जूनमध्ये कसोटी खेळला. मधली सहा वर्षे महायुद्धाची. चोवीस ते चौतीस, ऐन उमेदीचे वय त्यातच गेले. तरी १९५१ मध्ये, चाळिशीत, दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढूनच ते थांबले.