७४ दिव्यांचे आकाश

दिवाळीतल्या अमावास्येला आकाश काळेभोर असते. पणत्यांपासून जरा दूर, गावाबाहेरच्या अंधारात उभे राहून वर पाहिले, तर देवयानी तारकासमूहात एक धुरकट ठिपका दिसतो. इराणी ज्योतिषी अल्-सूफी याने इ. स. ९६४ च्या सुमारास ‘लहानसा ढग’ म्हणून त्याची नोंद केली. हा ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखेच, २५ लक्ष प्रकाशवर्षे दूरचे तारकाविश्व होय, हे हबलच्या १९२३ मधील वेधांवरून कळले. त्याआधीच, १९१२ साली, अमेरिकेत स्लायफरने त्याच्या प्रकाशावरून ताडले होते की, ते आपल्याकडेच येत आहे! सूर्याची स्वतःची गती वजा केली, तरी सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने.

मग टक्कर झालीच तर काय होईल? १९४१ साली स्वीडनमधील एरिक होल्मबर्ग याने या प्रश्नाला हात घातला. लक्षावधी आकडेमोडी करणारा संगणक हाताशी नव्हता. पण गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि दिव्याचा प्रकाशही तसाच घटतो, एवढे त्याने हेरले. त्याने ३७-३७ विजेचे दिवे मांडून दोन तारकाविश्वे रचली. प्रत्येक दिव्याच्या जागी चहूकडून किती उजेड येतो ते प्रकाशमापकाने मोजायचे, तीच ओढ धरून दिवा सरकवायचा, पुन्हा मोजायचे. ७४ दिव्यांच्या या खटाटोपातून दिसले की, जवळून जाताना दोन्हींना भरती येते, त्यांचे आकार ओढले जातात. गतीची शक्ती खर्ची पडते आणि ती एकमेकांत अडकू शकतात.

या उत्तराला भक्कम पुष्टी मिळायला तीन दशके लागली. १९७२ साली आलार आणि युरी टूमरे या भावांनी संगणकावर दाखवले की, हस्त नक्षत्रातील जोडतारकाविश्वांना फुटलेल्या किड्याच्या मिशांसारख्या लांब शेपट्या केवळ गुरुत्वाकर्षणानेच निघू शकतात.

गंमत अशी की, या धडकेत तारे सहसा आदळतच नाहीत. सूर्य म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरची बुंदी मानून ती मुंबईत ठेवली, तर शेजारच्या ताऱ्याची बुंदी नाशिकच्या आसपास ठेवावी लागेल! आदळतात ते वायूंचे मेघ. ते दाटतात आणि नव्या ताऱ्यांचे जणू पीक येते. कालांतराने दोन चक्रांचा मिळून बहुधा एकच लंबगोल पुंजका उरतो.

आपल्यावरही ही वेळ सुमारे चार अब्ज वर्षांनी येणारच, असे २०१२ मध्ये मोठ्या खात्रीने सांगितले गेले. २०२५ मध्ये शेजारच्या लहान तारकाविश्वांची ओढही हिशेबात धरली, तेव्हा पुढील दहा अब्ज वर्षांत विलीन होण्याचा संभव निम्माच निघाला. खात्रीचे भाकीत असे मोजमाप वाढल्यावर डळमळले, यात शास्त्राची हार नाही. होल्मबर्गही हेच करीत होता : दिवा थोडा सरकवायचा आणि पुन्हा मोजायचे.