स्वराखालची रेघ

हिंदुस्थानी संगीत गुरुमुखातून शिकायचे. ते मोठ्या प्रमाणावर कागदावर आले ते विद्यालयांमुळे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. वर्गात अनेकांना एकदम शिकवायचे तर छापील पुस्तक हवे, आणि पुस्तकासाठी स्वरलिपी हवी. मुंबईचे वकील पं. विष्णु नारायण भातखंडे यांनीही शेकडो बंदिशी स्वरलिपीत लिहून ‘क्रमिक पुस्तकमालिके’त प्रसिद्ध केल्या.

दोन्ही पद्धतींत अक्षरे तीच, सा रे ग म. चिन्हे मात्र वेगळी. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब व तार सप्तकासाठी वर टिंब असते. आज प्रचलित असलेल्या पलुस्कर पद्धतीत वरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते आणि वरची उभी रेघ तार सप्तक!

ही चिन्हे छापायची कशी? देवनागरीच्या नेहमीच्या खिळ्यांत ‘खाली रेघ असलेला ग’ नसतो. तो मुद्दाम ओतून घ्यायचा, नाहीतर जुळाऱ्याने रेघा-टिंबे वेगळी जुळवायची. खालची रेघ गळली की भैरवातले कोमल रे-ध शुद्ध होतात. यमनच्या मध्यमावरची उभी रेघ गेली की बिलावलचे स्वर उरतात. म्हणजे चूक मुद्रणाची, पण बदलतो राग.

संगणक आला तरी प्रश्न सुटला नाही. संगणक अक्षराचे चित्र साठवत नाही, क्रमांक साठवतो. चित्र फाँट पुरवतो. जुन्या मराठी फाँटमध्ये प्रत्येक उत्पादकाचे क्रमांक निराळे होते. वाघोलीच्या शाळेत टंकलेली बंदीश पुण्याच्या छापखान्यात उघडली आणि तिथे तो फाँट नसला, तर संगणक दुसरा फाँट घेणार आणि तेच क्रमांक भलतीच अक्षरे दाखवणार.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. पाश्चात्त्य संगीताच्या चिन्हांना त्यात २००१ साली जागा मिळाली. भातखंडे पद्धतीसाठी मात्र वेदपठणाच्या स्वरचिन्हांतली खालची आडवी व वरची उभी रेघ उपयोगी पडते. मंद्रासाठी नुक्ता वापरता येतो. तरीही काम फाँटवरच अडते. मंद्र कोमल निषादाखाली टिंब आणि रेघ दोन्ही हवीत. फाँटमध्ये त्यांची जागा ठरवलेली नसेल तर ती एकमेकांवर चढतात.

म्हणून स्वरलिपी टंकताना आधी मंद्र कोमल नी आणि तीव्र म लिहून फाँट पारखावा. फाईल पाठवताना फाँट आत समाविष्ट केलेली पीडीएफ पाठवावी. पहिल्या पानावर पद्धतीचे नाव व चिन्हांचा तक्ता द्यावा. विद्यार्थ्यांना एकच ओळ दोन्ही पद्धतींनी वाचायला लावली, तर चिन्ह आणि त्याचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना गाता गाताच समजेल.